घेणाऱ्याचं नाव

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात विलासराव बावीस वर्षं दिवाणजी होते. सौदे सुरू झाले की त्यांना मान वर करायला फुरसत नसे. राजापुरीचे ढीग लागलेले, हवेत पिवळी धूळ, बाहेर ट्रॅक्टरची रांग, आणि गादीवर बसून विलासराव पट्ट्या लिहितायत. ज्यांचा यार्डाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, माल विकला गेल्यावर शेतकऱ्याच्या हातात जो हिशोबाचा कागद पडतो ती पट्टी. पोती किती, वजन किती, भाव काय निघाला, त्यातून हमाली, तोलाई, मागची उचल वजा जाऊन हातात रोख किती, हे सगळं त्या वीतभर कागदावर असतं. आणि वरच्या बाजूला खरेदीदाराचं नाव. नाव नसेल तर त्या कागदाला यार्डात कुणी विचारत नाही.

२००५ साली कृष्णेला महापूर आला आणि हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेव्हण्यानं बहिणीसाठी ग्रीन कार्डाचा अर्ज टाकला. भावंडांच्या वर्गातला अर्ज तो. नंबर लागायला २०२३ उजाडलं. मधल्या काळात अर्ज टाकल्याचं घरातले जवळजवळ विसरूनच गेले होते. त्यांची मुलगी ऋतुजा तेव्हा एकोणीस वर्षांची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. कॉलेज अर्धवट टाकून ती आईवडिलांबरोबर न्यू जर्सीत एडिसनला आली.

दिवाणजींच्या बावीस वर्षांना इथे गिऱ्हाईक नव्हतं. विलासराव टर्नपाइकच्या ८ए एक्झिटजवळच्या गोदामात रात्रपाळीला लागले. त्यांची बायको सुनंदाताई ओक ट्री रोडवरच्या मिठाईच्या दुकानात, मागे, चुलाण्याच्या बाजूला. ऋतुजा त्याच रस्त्यावरच्या किराणा स्टोअरमध्ये काउंटरवर. तासाला १६ डॉलर, आठवड्याला तीस तास. राज्याचं किमान वेतन २०२५ मध्ये १५ डॉलर ४९ सेंट होतं, म्हणजे मालकानं तिच्यावर मेहेरबानी केली होती ती एकावन्न सेंटांची.

दोन वर्षं अशी गेल्यावर तिनं एक दिवस जेवताना सांगितलं, की तिला मेडिकल असिस्टंटचा कोर्स करायचाय.

सांगलीला फोनवर ही बातमी गेली तेव्हा आत्यानं विचारलं, "म्हणजे अर्धी डॉक्टरच की गं?" तसं नसतं. तिकडे फिजिशियन असिस्टंट हा निराळा प्राणी आहे. तो मोठं शिक्षण घेऊन रोगी तपासतो, औषध लिहितो. मेडिकल असिस्टंट म्हणजे डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये रोग्याला आत घेणारी, वजन-बीपी-ताप बघणारी, ईसीजी काढणारी, रक्त घेणारी, डॉक्टरच्या सांगण्यावरून लस टोचणारी, आणि उरलेल्या वेळात विमा कंपनीच्या फोनवर ताटकळणारी बाई. आपल्याकडचा कंपाउंडर आणि सिस्टर यांच्यामधली कुठलीतरी जागा. आत्याला एवढं समजावण्यापेक्षा सुनंदाताईंनी "होय, तसंच काहीसं" म्हणून फोन ठेवला.

ऋतुजानं आधी शोधली ती एक खाजगी संस्था. नऊ महिन्यांचा कोर्स, १८,६०० डॉलर. बापलेक तिथे गेले तेव्हा सल्लागार बाईंनी फार अगत्यानं बसवलं. भिंतीवर निळ्या गणवेशातल्या हसऱ्या मुलींचे फोटो. टेबलावर एक चकचकीत तक्ता. त्यात लिहिलं होतं की मेडिकल असिस्टंटचं वर्षाचं मध्यांक वेतन ४४,२०० डॉलर. आकडा खोटा नव्हता. अमेरिकेच्या श्रम खात्यानं मे २०२४ साठी तोच दिलाय. बाईंनी गणित मांडलं. पेल ग्रँट नावाचं सरकारी अनुदान असतं, वर्षाला जास्तीत जास्त ७,३९५ डॉलरचं. तुमचं उत्पन्न बघता त्यातले सहा हजार तरी मिळतील. उरले १२,६००, त्याला कर्ज. पगार ४४,२००. म्हणजे पहिल्याच वर्षी कर्ज फेडून तीस हजारांवर हातात! आणि आज सही केलीत तर हजार डॉलरची सूट.

विलासराव इंग्रजीत अडखळतात, पण आकडा कुठल्याही भाषेत वाचतात. त्यांनी मुलीकडून विचारवलं, "गेल्या वर्षी शिकून गेलेल्या पाच मुली कुठे लागल्या, त्या क्लिनिकांची नावं मिळतील का?"

बाईंनी टक्केवारी सांगितली. चांगली होती टक्केवारी.

"टक्क्याला तोंड नसतं," विलासराव मराठीत म्हणाले. "नाव सांगा म्हणावं."

नावं देता येत नाहीत, गोपनीयतेचा नियम आहे, असं उत्तर आलं. मुलींची गोपनीयता समजू शकते. पण विचारलं होतं क्लिनिकांविषयी. असो. बाप सही न करता उठला आणि परतीच्या बसमध्ये ऋतुजा त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. तिला वाटलं, पप्पांना कर्जाची भीती वाटली. सांगलीची माणसं अशीच.

दुसऱ्या दिवशी रात्रपाळीहून आल्यावर विलासराव झोपले नाहीत. गोदामातून आणलेल्या पाठकोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला, पट्टी आखली आणि तिला हाक मारली.

"ऋतू, आपल्याकडं ओली हळद काढली, शिजवली, वाळवली, की शंभर किलोची किती उरते?"

"वीस?"

"वीस, फार तर पंचवीस. मग ओल्या वजनाला वाळक्याचा भाव लावून कुणी हिशोब केला तर त्याला काय म्हणशील? त्या बाईनं काल तेच केलं."

त्यांनी लिहायला घेतलं. ४४,२०० हा मध्यांक. म्हणजे निम्म्या बायकांना त्याहून कमी मिळतं, आणि नवीन लागणारी त्याच निम्म्यात असणार. तासाला २० डॉलर धर. वर्षाचे २,०८० तास. झाले ४१,६००. पण ही सगळी कमाई कोर्सची नव्हे. कोर्स न करता तू स्टोअरमध्येच पूर्ण वेळ उभी राहिलीस तर १६ च्या दरानं ३३,२८० मिळतातच की. कोर्सनं दिलं काय? वरचे ८,३२०. त्यातून कर आणि कपात साधारण पाचवा हिस्सा. हातात साडेसहा हजारांच्या थोडं वर. "चव्वेचाळीसाचे साडेसहा झाले," ते म्हणाले. "हे वाळकं वजन."

मग खर्चाची बाजू. कर्ज १२,६०० तर दिसतंच आहे. पण दिवसाचा कोर्स, म्हणजे तीस तासांचं काम शनिवार-रविवारच्या बारा तासांवर येणार. अठरा तास गुणिले १६ डॉलर गुणिले एकोणचाळीस आठवडे: ११,२३२. हा आकडा संस्थेच्या तक्त्यात कुठेच नव्हता, आणि तो जवळजवळ कर्जाएवढाच होता. गणवेश, बूट, परीक्षेची फी, बसचा पास मिळून आठशे. एकूण २४,६३२. भागिले वाळकी कमाई. पावणेचार वर्षं. व्याज धरलं की चारच्या वर.

ऋतुजा गप्प झाली. न मिळालेल्या पगारालाही खर्चात धरायचं असतं हे तिला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर हे सगळ्यांनाच कळतं, फक्त स्वतःची वेळ आली की दिसत नाही. दहा हजारांच्या फीवर घासाघीस करणारा माणूस वर्षभराची बुडालेली मजुरी सहज विसरतो, कारण तिची पावती कुणी फाडत नाही.

दुसरी पट्टी काउंटीच्या कम्युनिटी कॉलेजची. न्यू जर्सीत ६५ हजारांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिथे शिकवणीचं शुल्क राज्य सरकार भरतं, त्यामुळे फी जवळजवळ नाही. म्हणून ते फुकट, असं मामानं सांगितलं होतं. फुकट नव्हतं. कोर्स सप्टेंबरला सुरू होऊन पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संपणार, म्हणजे पासष्ट आठवडे. कामाचे आठवड्याला दहा तास तरी कमी करावे लागणार. १०,४०० गेले. वरखर्च नऊशे. खाजगीपेक्षा सहा महिने उशिरा नोकरी, म्हणजे अर्ध्या वर्षाची वाळकी कमाई, ३,३२८. एकूण साडेचौदा हजारांच्या वर. वसूल व्हायला सव्वादोन वर्षं.

"आणि हे तिसरं," ऋतुजानं मोबाइल पुढे केला. ऑनलाइन कोर्स. चार महिने, १,४०० डॉलर, घरी बसून, स्टोअरमधला एक तासही बुडणार नाही. शेवटी प्रमाणपत्र.

विलासरावांनी तीही पट्टी मांडली. १,४०० भागिले तीच कमाई. अडीच महिने.

"बघा!" ऋतुजा उसळून म्हणाली. "तुमच्याच हिशोबानं!"

"होय, हिशोबानं हेच," त्यांनी कबूल केलं. मग तीनही कागद तिच्यापुढे सरकवले आणि प्रत्येकाच्या वरच्या कोपऱ्यातल्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं. "पण घेणाऱ्याचं नाव लिहायचं राहिलंय. हा २० डॉलरचा भाव मी कुठून आणला? हवेतनं. भाव मी लावून चालत नाही, आणि शिकवणारा लावतो तोही चालत नाही. घेणारा लावतो. जा, विचारून ये."

तिला हे बिलकुल पसंत नव्हतं. न बोलावता क्लिनिकमध्ये शिरून "मी अमुक शिकले तर तुम्ही मला काय द्याल" असं विचारायचं? पण सुट्टीच्या दिवशी गेली. पहिल्या ठिकाणी, एका म्हाताऱ्या गुजराती डॉक्टरांच्या छोट्या दवाखान्यात, तिला चांगलं उत्तर मिळालं. "माझ्याकडे फोन, बिलं आणि बीपी. ऑनलाइन सर्टिफिकेट चालेल. नसलं तरी चालेल. सतरा डॉलर देईन." म्हणजे त्या कागदाची किंमत तासाला एक डॉलर, आणि तीही कागदाची नव्हे, तिच्या गुजराती समजण्याची.

दुसरं क्लिनिक लहान मुलांचं होतं. तिथे भावनाबेन भेटल्या, बारा वर्षं मेडिकल असिस्टंटचं काम केलेल्या. त्यांना बोलायला सवड नव्हती, म्हणून त्या काम करता करता बोलल्या, आणि ऋतुजा त्यांच्यामागे कोपऱ्यात उभी राहिली. सकाळचं पहिलं काम लसींच्या फ्रिजचं. आतलं तापमान दोन ते आठ अंश सेल्सियसमध्ये आहे का बघून वहीत नोंद आणि सही. मग एका चार महिन्यांच्या बाळाच्या लसी: कुपीवरचं नाव वाचलं, मुदतीची तारीख वाचली, लॉट नंबर संगणकात उतरवला, बाळाचं नाव आणि जन्मतारीख आईकडून वदवून घेतली, तिच्या हातात माहितीपत्रक दिलं, पुन्हा कुपी वाचली. बाळ रडायच्या आत एक मांडी झाली, रडायला लागल्यावर दुसरी. सुई, टोपण परत न लावता, स्वतंत्र लाल डब्यात. हातमोजे काढून डब्यात.

"बघितलंस?" त्या म्हणाल्या. "दिवसाला हे तीस-पस्तीस वेळा. ऑनलाइनवालीला मी इथे काय करू? या राज्यात डॉक्टर इंजेक्शनचं काम असिस्टंटवर सोपवतो ते ती मान्यताप्राप्त संस्थेतून शिकून सर्टिफाइड झाली असेल तरच. जी टोचू शकत नाही ती लहान मुलांच्या दवाखान्यात खेळणी पुसणार का?"

ऋतुजानं पगार विचारला. भावनाबेननी सांगून टाकला, आपल्याकडची माणसं यात लाजत नाहीत हे एक बरं. चोवीस डॉलर. बारा वर्षांनी. "शिडी आहे, पण तीन पायऱ्यांची. चौथी पायरी हवी तर नर्सिंगला जावं लागतं. मी गेले होते चौकशीला. माझ्या संस्थेचे क्रेडिट कॉलेजनं धरले नाहीत, एकही नाही. पुन्हा पहिलीपासून. मुलं लहान होती, सोडून दिलं." मग जरा थांबून, "ती संस्था आता बंदच पडली."

अशा बऱ्याच पडल्या. कोरिंथियन कॉलेजेस नावाची मोठी साखळी मेडिकल असिस्टंटसारखे कोर्स देशभर विकायची. नोकरी लागल्याचे फुगवलेले आकडे दाखवल्याबद्दल तिच्यावर कारवाई झाली आणि एप्रिल २०१५ मध्ये उरलेल्या सगळ्या शाखा एका दिवसात बंद झाल्या. विद्यार्थी सकाळी वर्गावर गेले तर दाराला कुलूप. २०२२ साली अमेरिकी सरकारनं तिथे शिकलेल्या ५ लाख ६० हजार जणांचं मिळून ५८० कोटी डॉलरचं कर्ज माफ केलं. कर्ज माफ झालं, पण गेलेली वर्षं कुणी परत केली नाहीत, ती कुठल्या खात्याच्या हातात नसतात. हे लिहिताना सगळ्याच खाजगी संस्थांना एका मापानं मोजायचा हेतू नाही. एखाद्या बाईला घरची अडचण अशी असते की नऊ महिन्यांच्या वर एक दिवस परवडत नाही, आणि मान्यता असलेली, आसपासची क्लिनिकं जिच्या मुली घेतात अशी संस्था तिला मिळाली तर तिची पट्टी वेगळी निघेल. पण ती तिनं मांडलेली असावी, सल्लागार बाईंनी नव्हे.

तिसरं ठिकाण एका मोठ्या रुग्णालयाच्या जाळ्यातलं क्लिनिक. तिथल्या मॅनेजर बाईंनी ऋतुजाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, आणि विचारलं, "तू कोर्स आधी आणि नोकरी नंतर, असं का धरून बसलीयस?"

मग त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याही जाहिरातीत नव्हतं. त्यांना मेडिकल असिस्टंट मिळत नाहीत. मिळाल्या तर वर्षभरात दुसरीकडे जातात. म्हणून ते फ्रंट डेस्कवर माणूस घेतात, साडेसतरा डॉलरनं, चाळीस तास, विम्यासकट. सहा महिने काम बघतात. बरं वाटलं तर कम्युनिटी कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गाला पाठवतात. फी, पुस्तकं, परीक्षेचे पैसे जाळं भरतं. मालकानं शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत खर्च केला तर कर्मचाऱ्याला त्यावर कर लागत नाही, त्यामुळे दोघांनाही परवडतं. कोर्समध्ये किमान १६० तास प्रत्यक्ष क्लिनिकमध्ये शिकायचे असतात, तेवढे दिवस नोकरी राखून ठेवतात. पास झाल्यावर साडेवीस डॉलर. बदल्यात दोन वर्षांचा बाँड.

ऋतुजा घरी आली ती धावतच. विलासराव कामावर जायच्या तयारीत होते, डबा भरला जात होता. उभ्याउभ्याच त्यांनी कागद घेतला. वरच्या कोपऱ्यात प्रथम नाव लिहिलं. बुडालेली मजुरी: शून्य, उलट तीसचे चाळीस तास आणि सोळाचे साडेसतरा. फी: शून्य. मग जरा विचार करून त्यांनी 'घट' असं लिहून पुढे ६,२४० हा आकडा टाकला.

"हे काय?"

"बाँड. दोन वर्षं तू साडेवीसवर बांधलेली. बाहेर तोवर बावीस निघाला, तर दीड डॉलर गुणिले दोन वर्षांचे तास. फुकट कोण शिकवतं? ते शिकवणीचे पैसे असे वळते करून घेणार. घेऊ देत, एवढं परवडतं. पण लिहून ठेवावं, म्हणजे पुढं कुणी उपकार काढले तर आपल्याला ठाऊक असतं."

मामाला हे काहीच पटलं नाही. त्याचं म्हणणं, करायचं तर सरळ नर्सिंग करावं. रजिस्टर्ड नर्सचं मध्यांक वेतन ९३,६०० आहे, हे छोटे कोर्स म्हणजे वेळेचा नास. मामा चूक नव्हता. पण मामा या देशात आला तो हातात इंजिनिअरिंगची पदवी आणि नोकरीचं पत्र घेऊन. त्याच्या पट्टीवर नाव आधीच लिहिलेलं होतं. सुनंदाताईंनी भावाला एवढंच विचारलं, "तिला रक्त बघून चक्कर येते का नाही, हे तरी आधी कळू दे की." हा मुद्दा बापलेकींपैकी कुणाच्याच कागदावर नव्हता.

ऋतुजानं ती नोकरी धरली, आणि हे कळायला फ्रंट डेस्कवरचे सहा महिने पुरले. या काळात ऋतुजानं भर थंडीत शिंकणाऱ्या पोरांनी भरलेली वेटिंग रूम पाहिली, विम्याचं कार्ड चालत नाही म्हणून टेबलावर हात आपटणारा माणूस पाहिला, आणि एकदा एक आजोबा तिच्यासमोरच्या खुर्चीतून घसरून खाली पडले तेव्हा आतून असिस्टंट येईपर्यंत त्यांचं डोकं हातात धरून ती जमिनीवर बसून राहिली. चक्कर आली नाही. नंतर हात कापत होते, पण ते नंतर. तिच्याबरोबर लागलेली दुसरी मुलगी तिसऱ्या महिन्यातच सोडून गेली. तिला हे जमणारं नव्हतं आणि तिलाही ते तिथेच कळलं, पगार घेता घेता. हेच कळायला तिनं एखाद्या संस्थेला १८,६०० मोजले असते तर?

सहा महिने भरल्यावर मॅनेजर बाईंनी बाँडचा कागद पुढे ठेवला. तीन पानं. पेनही ठेवलं. ऋतुजानं दोन वेळा वाचला आणि विचारलं, "वर्षभरानं मला जावं लागलं, समजा लग्न होऊन दुसऱ्या राज्यात, तर सगळे पैसे परत करायचे, की राहिलेल्या महिन्यांपुरते? यात लिहिलेलं नाही."

बाई चष्मा वर करून बघत राहिल्या. मग हसल्या. "हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता." त्यांनी मुख्य कार्यालयाला मेल केला. उत्तराला चार दिवस लागले, आणि ऋतुजानं ते चार दिवस सही केली नाही. उत्तर आलं: राहिलेल्या महिन्यांच्या प्रमाणात. आणि क्लिनिकच बंद झालं किंवा तिला कामावरून काढलं तर काहीच नाही. तिनं ही दोन्ही वाक्यं कागदात घालायला लावली, मग सही केली.

संध्याकाळी तिनं हे घरी सांगितलं तेव्हा विलासराव बुटांच्या नाड्या बांधत होते. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं.

"नक्कल घेतलीस?"

"दोन घेतल्या," ती म्हणाली. "एक तुमच्यासाठी."

"शिक्क्याची?"

"पप्पा, इथं शिक्का नसतो."

"मग सही तरी निळ्या शाईत आहे का बघ," म्हणत त्यांनी डबा उचलला. बस यायला चार मिनिटं होती.